वाफेचा हत्ती

वस्त्रावर काहीतरी काढून घ्यावे ही हौस मनुष्यास फार जुनी आहे. पैठणीच्या पदरावर मोर बसले, शालीच्या काठावर कैऱ्या लटकल्या, आणि देवाच्या नावांनी भरलेली उपरणी तर आपल्यापैकी पुष्कळांच्या वडीलधाऱ्यांच्या खांद्यांवर आपण पाहिली आहेत. परंतु ही सारी चित्रे वस्त्राची शोभा म्हणून असत. ती पांघरणाराविषयी काही सांगत नसत. आपली आवड, आपले मत, आपली चेष्टादेखील छातीवर छापून रस्त्याने हिंडावे, ही कल्पना मात्र टी-शर्टाबरोबर आली. हे वस्त्र जन्मतः आतले. अमेरिकन खलाशांच्या गणवेशाखाली ते दडलेले असे, एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या 1920 सालच्या पहिल्या कादंबरीत त्याचे नाव आढळते, हे इंग्रजीच्या अध्यापकास ठाऊक असावयाचेच. आतले वस्त्र बाहेर आले, आणि बाहेर आल्यावर बोलू लागले. आमच्या वर्गात समोरच्या बाकांवर साठ मुले बसली म्हणजे साठ छात्या आम्हांशी एकदम बोलत असतात, आणि त्या गलबल्यात वर्ड्सवर्थने आपले म्हणणे कसे मांडावे हा प्रश्न आम्हांस नेहमी पडतो.

असे असता त्या गलबल्यात आणखी एका चित्राची भर घालण्याच्या कामी आम्ही स्वतः गुंतलो. आमची कन्या उपयोजित कलेची विद्यार्थिनी आहे. तिच्या वर्गाने स्नेहसंमेलनासाठी सर्वांनी एकसारखे टी-शर्ट करण्याचे ठरविले, चित्राचे काम तिजकडे आले, आणि विषय मुक्रर झाला तो 'स्टीमपंक'.

हा शब्द पहिल्याने कानी पडला तेव्हा आमच्या संस्कृताने आम्हांस भलत्याच वाटेने नेले. पंक म्हणजे चिखल. तेव्हा बाष्प आणि पंक यांचा समास म्हणजे वाफाळलेला चिखल, असा अर्थ आम्ही मनाशी करून ठेवला. मुळात हा शब्द थट्टेतून जन्मास आला आहे. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन कादंबरीकाराने 1987 साली 'लोकस' मासिकास लिहिलेल्या पत्रात, आपण व आपले दोन मित्र व्हिक्टोरिया राणीच्या काळावर ज्या अद्भुत कथा रचीत होतो त्यांस काय म्हणावे, असा प्रश्न काढून, तेव्हा गाजत असलेल्या 'सायबरपंक'च्या धर्तीवर हे नाव सुचविले. थट्टा विसरली गेली, नाव राहिले. कल्पना अशी की, वीज आणि पेट्रोल यांनी वाफेस पदच्युत केलेच नाही. जगाची सारी प्रगती पितळ, पोलाद आणि कोळसा यांच्याच बळावर होत गेली. मग विमाने वाफेवर उडतात, गणकयंत्रे दात्यांच्या चाकांनी चालतात, आणि स्त्रीपुरुष चामड्याचे पट्टे व मोठाले चष्मे लावून त्यांत बसतात. विल्यम गिब्सन व ब्रूस स्टर्लिंग यांच्या 1990 सालच्या कादंबरीत चार्ल्स बॅबेजचे गणितयंत्र त्याच्या हयातीतच यशस्वी झाले असते तर काय घडते याचे चित्र आहे. योगायोग असा की, पुढच्याच वर्षी, 1991 साली, लंडनच्या विज्ञानसंग्रहालयाने बॅबेजच्या नकाशांवरून त्याचे एक यंत्र खरोखरच उभे केले, आणि ते बिनचूक चालले. दीडशे वर्षे कागदावर पडून राहिलेली कल्पना खोटी नव्हती, एवढे तरी त्याने सिद्ध झाले.

कन्येने चित्रासाठी हत्ती निवडला. त्याचे श्रेय थोडे आमच्या कपाटाकडे जाते. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिलेला ज्यूल व्हर्न आम्ही लहानपणी वाचला, पुढे इंग्रजीतून वाचला, आणि त्याची जी पुस्तके आम्ही जपून ठेवली त्यांत 1880 सालची 'वाफेचे घर' या अर्थाच्या नावाची एक कादंबरी आहे. व्हर्न हिंदुस्थानात कधी आला नाही. परंतु त्याने कलकत्त्याहून एक पोलादी हत्ती निघालेला दाखविला आहे. पोटात बॉयलर, सोंडेतून धूर, आणि मागे चाकांवर दोन बंगले. भूतानच्या कोणा राजाने तो करविला, राजा वारला, आणि बँक्स नावाच्या इंजिनिअराने तो विकत घेतला, असे कथानक आहे. स्टीमपंक हे नाव निघण्यापूर्वी एका शतकाहून अधिक काळ हा हत्ती आपल्या गंगेच्या मैदानातून चालत होता. मुलीस तो आवडला यात नवल नाही.

आता चित्र काढण्याची रीत. आमची समजूत अशी की चित्र कागदावर, पेन्सिलीने, पुष्कळसे खोडून काढावयाचे असते. येथे तसे काही नव्हते. संगणकावर चित्रे दोन प्रकारची. एक ठिपक्यांचे: फोटोग्राफ हा त्यातला, तो मोठा केला की ठिपके दिसू लागतात आणि हत्तीचे काजू होतात. दुसरे रेषांचे, त्यास इंग्रजीत 'व्हेक्टर' म्हणतात, आणि शाळेत गणिताच्या मास्तरांनी 'सदिश' हा शब्द सांगितला होता तो हाच. यात चित्र साठविलेले नसतेच. चित्र कसे काढावे याची आज्ञा तेवढी साठविलेली असते. अमुक बिंदूपासून अमुक बिंदूपर्यंत अमुक बाकाची रेघ ओढ, आत पितळी रंग भर, इतकेच. म्हणून ते खिशाएवढे केले काय आणि भिंतीएवढे केले काय, कड तशीच धारदार राहते. आमच्या आईस हे समजावून सांगण्याचा प्रसंग आला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच की! ठिपके थोडे, ओळी आपल्या हाताने." आम्ही तीस वर्षे अध्यापन करीत आहो, इतके नेमके उदाहरण आम्हांस सुचले नसते.

या बिंदूंस दोन बाजूंनी मिशांसारख्या दोन काड्या फुटतात. काडी ओढली की रेघेस पोट येते, फिरविली की रेघ मान वळविते. या वक्ररेषेस बेझिए याचे नाव आहे. पिएर बेझिए हा रेनो कारखान्यातला इंजिनिअर. मोटारीच्या पत्र्याचा बाक यंत्रास बिनचूक सांगता यावा म्हणून त्याने 1960 नंतरच्या दशकात ही युक्ती प्रसिद्ध केली. सित्रोएन कारखान्यातल्या पॉल द कास्तेल्जो याने हेच गणित 1959 सालीच सोडविले होते, पण कारखान्याने ते गुपित ठेवले, आणि नाव दुसऱ्याचे झाले. विद्वानांच्या जगात हे वारंवार घडते, त्यावर आम्ही येथे लिहीत नाही. मौज एवढीच की, ज्या 1987 साली जेटरने आपल्या थट्टेस नाव दिले, त्याच साली अडोबी कंपनीचे 'इलस्ट्रेटर' बाजारात येऊन ही वक्ररेषा चित्रकारांच्या हाती पडली. वाफेच्या युगाचे स्वप्न आणि ते स्वप्न रेखाटण्याचे हत्यार यांची जन्मसाले एक निघाली. आमची कन्या 'इंकस्केप' नावाचे फुकट मिळणारे हत्यार वापरते. त्यात दात्यांची चाके आपोआप काढून देणारी एक सोयही आहे. दाते किती, दात्यांमधले अंतर किती, एवढे सांगावे की चाक तयार.

या सोयीने आमच्या घरात पहिला वाद उत्पन्न केला. सोय आहे म्हटल्यावर चाके काढली गेली, आणि पुष्कळ काढली गेली. हत्तीच्या कानात चाके, गुडघ्यांत चाके, डोळ्याच्या जागी चाक. आम्ही यंत्रशास्त्री नव्हे. परंतु दोन चाकांचे दाते एकमेकांत बसावयाचे तर दात्यांमधले अंतर दोहोंचे सारखे हवे, आणि तीन चाके परस्परांस एकाच वेळी भिडविली तर तिन्ही जागच्या जागी अडून बसतात, हे कोणासही बोटांवर पडताळता येते. पहिले उजवीकडे फिरले तर दुसरे डावीकडे, मग तिसऱ्याने कोणीकडे फिरावे? वर्तुळाकार मांडलेल्या चाकांची संख्या विषम असली की हेच होते. 1998 साली चलनात आलेल्या इंग्लंडच्या दोन पौंडांच्या नाण्यावर उद्योगक्रांतीचे चिन्ह म्हणून दात्यांच्या चाकांचे कडे काढले आहे; चाके मोजली तर भरतात एकोणीस. ज्या देशाने जगास यंत्र शिकविले त्याच्या नाण्यावर कधीच न फिरणारे यंत्र आहे. कन्येने हे ऐकून नाण्याचा दाखला आपल्याच बाजूचा मानला. "राणीच्या नाण्याला चालतं, मग माझ्या टी-शर्टाला का नाही?" असे तिचे म्हणणे.

आमचा आक्षेप याहून खोलवरचा होता. दात्यांची चाके ही मुळात घड्याळाची खूण. वाफेच्या इंजिनात नजरेस भरतो तो दट्ट्या, त्याचा लांब दांडा, आणि सरळ धावेचे गोल फिरणे करणारा वाकडा हात, म्हणजे क्रँक. गिरण्यांत त्या फिरण्याची शक्ती मजल्यामजल्यांवर नेली जाई ती जाडजूड दोरखंडांनी आणि चामड्याच्या पट्ट्यांनी. आणि वाफेच्या यंत्राचे सर्वांत देखणे अंग म्हणावे तर जेम्स वॅटने 1788 साली आपल्या इंजिनास जोडलेला गव्हर्नर: दोन लोखंडी गोळे, वेग वाढला की फाकतात आणि वाफेची वाट आवळतात, वेग उतरला की मिटतात आणि वाट मोकळी करतात. यंत्राने आपल्या आवेगास आपणच लगाम घालावा, हे दृश्य कोणत्याही चाकापेक्षा सुंदर आहे. कन्येने गव्हर्नर हत्तीच्या मस्तकावर गंडस्थळांच्या जागी बसविला. येथे मात्र तिने आम्हांस मागे टाकले हे मान्य केले पाहिजे. गंडस्थळे दोन आणि गोळे दोन, ही जोडी व्हर्नलाही सुचली नव्हती.

चित्र या अवस्थेत असता ते आमच्या वडिलांच्या दृष्टीस पडले.

वडिलांचे वय आता चौऱ्याऐंशी आहे. लालबागच्या एका गिरणीत ते बॉयलरवर होते. 1915 साली खोपोलीची वीज मुंबईस आल्यापासून गिरण्यांची इंजिने हळूहळू थांबली. तरी खळ आणि रंग यांच्या खात्यांस वाफ लागतच असे, म्हणून बॉयलर राहिले, आणि बॉयलरबरोबर वडिलांची नोकरी राहिली. 1982 सालच्या 18 जानेवारीस संप सुरू झाला तेव्हा आम्ही अकरा वर्षांचे होतो. तो संप कसा संपला, किंबहुना संपला असे म्हणता येते की नाही, हे वाचकांस ठाऊक आहे. त्यानंतर वडिलांनी पुष्कळ कामे केली, आम्हांस शिकविले. परंतु गिरणीविषयी घरात ते बोलत नसत. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेचे त्यांचे प्रमाणपत्र ट्रंकेत, कापडात गुंडाळलेले आहे, एवढे आम्हांस माहीत होते. ते उलगडून दाखविण्याचा प्रसंग कधी आला नव्हता.

ते पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "हा फुटेल."

"काय फुटेल, आजोबा?"

"बॉयलर. काटा बघ कुठं गेलाय, तांबड्या रेघेच्या पार. सेफ्टी दिसत नाही. पाण्याची काच नाही. पाणी किती आहे ते कळणार कसं माणसाला?"

मुलीने प्रेशर गेजचा काटा पार टोकास नेला होता तो चित्रास आवेश यावा म्हणून. हत्तीचे पुढे काय होते हे तिला ठाऊक नव्हते, कारण कादंबरी तिने अर्धीच वाचली होती. वडिलांनी तर ती पाहिलेलीही नव्हती. आम्ही मात्र शेवट जाणत होतो. व्हर्नचा पोलादी हत्ती अखेरीस बॉयलर फुटूनच नष्ट होतो.

त्या रात्री जेवणे लांबली. आमच्या वडिलांनी नातीस बॉयलर शिकविला. लँकेशायर बॉयलरच्या पोटात आरपार दोन नळ असतात, आणि त्यांच्या तोंडाशी दोन भट्ट्या. दर्शनी बाजूस पाण्याच्या काचा एक नव्हे, दोन असतात, कारण एक तुंबली तर दुसरी खरे बोलते. काच खरे बोलते की नाही तेही पाहावे लागते: पाण्याची तोटी बंद करून खालची मोरी उघडावयाची, वाफ जोराने निघाली म्हणजे वाफेची वाट मोकळी, मग वाफेची बंद करून पाण्याची उघडावयाची, पाणी आले म्हणजे पाण्याची वाट मोकळी. दर पाळीस हे करावयाचे. "नुसतं काचेत पाणी दिसतं म्हणून विसंबायचं नाही. तुंबलेल्या काचेतसुद्धा पाणी दिसतं." भट्टीच्या वरच्या पत्र्यात एक बूच असते, त्याच्या पोटात मऊ धातू भरलेला, पाणी खाली गेले की तो वितळतो आणि वाफ उसळून आगीवर पडते. "बूच गेलं म्हणजे नोकरी गेली," असे म्हणून ते हसले. तोट्या नसलेल्या पडद्यावर त्यांची बोटे तोट्या फिरवीत होती, आणि डाव्या हाताच्या मनगटाखाली भाजल्याचा जो पांढरट पट्टा आहे तो आम्ही आयुष्यभर पाहात आलो असूनही, तो कोणत्या तोटीचा, हे त्या रात्री प्रथम कळले.

स्टीमपंकच्या भक्तांविषयी आमच्या मनात जी अढी होती तिचे कारण आम्हांस तेव्हा उमगले. पितळेची झळाळी, चामड्याचा वास, उंच टोप्या, हे सारे त्यांनी त्या युगातून उचलले. घाम तेवढा तेथेच ठेवला. स्वप्नरंजनास हा अधिकार असतो हे आम्ही जाणतो, आणि मुलांनी छातीवर अर्थशास्त्राचा इतिहास छापावा अशी आमची मागणीही नाही. तथापि मुलीच्या मूळ चित्रात हत्तीच्या अंबारीत दुर्बीण लावलेला एक साहेब बसला होता, तो आम्हांस रुचेना. याच कादंबरीत व्हर्नने आपल्या नानासाहेब पेशव्यांस खलपुरुष करून टाकले आहे. नवल असे की, त्याच लेखकाने 1874-75 सालच्या दुसऱ्या कादंबरीत आपला लाडका कप्तान नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र होता आणि 1857 साली इंग्रजांविरुद्ध लढला होता असे उघड केले. एकाच युद्धातला एक बंडवाला समुद्राखाली गेला तो वीर ठरला, दुसरा जमिनीवर राहिला तो राक्षस. "बाबा, ते नुसतं चित्र आहे," असे कन्या म्हणाली. आम्ही म्हणालो, नुसते असते तर तू ते छातीवर कशाला घेतले असतेस?

हा वाद आमच्या युक्तिवादाने सुटला नाही, वडिलांच्या एका प्रश्नाने सुटला. त्यांनी अंबारीकडे पाहिलेच नाही. त्यांनी विचारले, "कोळसा कोण टाकतंय?"

व्हर्नने याचे उत्तर दिलेले आहे, आणि ते त्याच्या काळास शोभेसेच आहे. इंजिन हाकणारा स्टॉर नावाचा इंग्रज. भट्टी पेटती ठेवणारा कलूथ नावाचा हिंदी मनुष्य. आम्ही पान काढून दाखविले. मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तो अंबारी साहेबासकट गेली होती, हत्तीची कूस नकाशात दाखवितात तशी कापून उघडी केली होती, आणि आत फावडे घेतलेला एक उघडाबंब मनुष्य, डोक्यास फडके बांधून, वाकून उभा होता. समोर दोन काचा होत्या. काटा तांबड्या रेघेच्या अलीकडे आला होता.

राहता राहिली छपाई, आणि तेथे छापखानेवाल्याचे राज्य. प्रत्येक रंगास वेगळी जाळीची चौकट लागते. तीवर औषध चढवून, रेषांच्या फिल्ममधून उजेड दाखवून, जेथून शाई जावयाची तेवढीच जाळी मोकळी ठेवितात, आणि रबरी पात्याने शाई कापडावर ओढतात. गडद कापड घेतले तर सर्वांखाली पांढऱ्याचा एक थर आणखी. मुलीचे सहा रंग होते. वर्गाचा पैसा तिनांपुरता होता. फिकट बदामी कापड, आणि वर काळा, पितळी व विटकरी, असा तह झाला. वाफेच्या ढगात रंग हळूहळू विरत नेला होता, तो या रीतीने सपाट शाईत उतरेना. म्हणून ढग बारीक समांतर रेघांनी काढावा लागला. आमच्या प्रतीत बेनेटची मूळ चित्रे आहेत. त्या काळचे लाकडावर कोरणारे कारागीर धूर अगदी असाच, रेघांनीच, काढीत. दारिद्र्याने कलेचे भले झाल्याची जी थोडी उदाहरणे आम्हांस ठाऊक आहेत त्यांत हे एक. शाई पक्की होण्यासाठी कापड सुमारे 160 अंशांच्या आचेखालून जाते. हे ऐकताच वडील म्हणाले, "म्हणजे पंच्याहत्तर पौंडांची वाफ." आम्ही पुस्तकात पाहिले, बरोबर निघाले.

काचांच्या रेघा जाळीस फार बारीक पडल्या, पहिल्या नमुन्यात त्या बुजून गेल्या. छापणारा म्हणाला, एवढ्या दोन रेघा गेल्या तर कोणाच्या लक्षात येणार आहे? मुलीने त्या जाड करून फिल्म पुन्हा काढविली, आणि तिचे पैसे वर्गाकडे मागितले नाहीत.

एक टी-शर्ट तिने आजोबांसाठी आणला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, चित्रावर नख फिरवून शाई सुटते का ते पाहिले, आणि विचारले, "खिसा कुठाय?" चष्मा, बसचा पास आणि चुन्याची डबी यांस जागा नसलेले वस्त्र त्यांनी कधी अंगात घातलेले नाही. टी-शर्टास खिसा लावला तर शिवणीच्या उंचवट्यावर जाळी सपाट बसत नाही आणि छातीवरचे चित्र फाटते, असे छापणाऱ्याने सांगितले. तेव्हा त्यांच्यापुरता एक वेगळा शिवून घेतला आहे. त्यास पुढे खिसा आहे, आणि हत्ती पाठीवर.